विमानाने गेला तोच परदेशस्थ काय?

दिवाळी अंकाची अनुक्रमणिका उघडावी आणि तीत ‘दूरदेशीची दिवाळी’ अशा थाटाचा एखादा लेख नसावा, असे सहसा घडत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजना’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा हा लेख नसेलही, आता मात्र तो ताटातल्या चकलीसारखा ठरलेला झाला आहे. लेख लंडनचा असो, न्यू जर्सीचा असो, नाही तर पश्चिम आफ्रिकेतल्या लागोसचा असो, मसाला एकच. सामानातून नेलेली भाजणी, भाड्याच्या सभागृहातल्या पैठण्या, मुलांनी अडखळत म्हटलेली आरती, आणि शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत उभे राहिलेले पाणी.

या मंडळींशी माझे भांडण नाही. परमुलखात चार मराठी घरांनी एकत्र येऊन पणत्या लावाव्यात, ही चांगलीच गोष्ट आहे. लंडनच्या मराठी माणसांनी १९३२ साली महाराष्ट्र मंडळ काढले, ते आजही उभे आहे. याचे कौतुक मलाही आहे. माझे भांडण आहे ते आपल्या कौतुकाच्या मोजपट्टीशी. कोण किती दूर गेला हे आपण त्याच्या विमानाच्या तिकिटावरून मोजतो.

आता जरा आमच्या मुलखात या. साताऱ्याचे माण आणि खटाव, सांगलीचे खानापूर आणि आटपाडी, हे चार तालुके एकमेकांना लागून आहेत आणि चौघांचे दुःखही एकच आहे. ज्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्यातल्या माणात तो पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. जमीन आहे, पाणी नाही. तेव्हा माणसे बाहेर पडली. विट्याच्या आसपासच्या गावांतली तर घरेच्या घरे गलाईच्या धंद्यात शिरली आणि दिल्ली, कोलकाता, कोइम्बतूर, त्रिशूर अशी जिथे जिथे सोनारपेठ आहे तिथे तिथे पांगली.

गलाई म्हणजे काय, हे अंगावर सोने घालणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? जुन्या दागिन्याच्या सोन्यात चांदी घालून ते मुशीत वितळवावयाचे. चार भागांत सोने एकच भाग राहील, इतकी चांदी. मग ते नायट्रिक ॲसिडात उकळावयाचे. चांदी आणि तांबे विरघळून जाते, तळाशी तपकिरी भुकटी उरते. टाकणखार टाकून ती पुन्हा वितळविली की शुद्ध सोने हाती येते. सोने वितळायला हजार अंशांहून अधिक उष्णता लागते आणि त्या उष्णतेपुढे आमचा माणूस बसलेला असतो. ॲसिडातून जो तांबूस धूर उठतो, तो फुप्फुसांना घातक असतो. तुमच्या-आमच्या धनत्रयोदशीच्या वळ्यामागे तो धूर आहे.

याच माणसाच्या दिवाळीवर लेख का येत नाही? कोणी म्हणेल, “अहो, कोइम्बतूर भारतातच आहे. तिथे जायला पारपत्र लागत नाही.” नाही लागत. पण जरा विचार करा. नायजेरियाची राज्यकारभाराची भाषा इंग्रजी. इंग्रजी शिकलेला आपला अभियंता लागोसला उतरला, तर त्याला रस्त्यावरची पाटी वाचता येते, मुलांच्या शाळेत बोलता येते, डॉक्टरला दुखणे सांगता येते. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून सातवी होऊन गेलेला पोरगा कोइम्बतूरला उतरला, की त्याला बसवरची तमिळ पाटी वाचता येत नाही. दारी पोलीस आला, तर आपली बाजू मांडता येत नाही. आणि या धंद्यात पोलीस येतो, कारण वितळलेल्या सोन्यावर मालकाचे नाव नसते आणि संशय आधी परमुलखातल्या माणसावर जातो. आता मला सांगा, या दोघांत अधिक दूर कोण गेला?

सणाचेही तसेच. दिवाळी तोंडावर आली की सोनारपेठेत कामाची रीघ लागते. सगळा देश सोने घेतो, तेव्हा सोने गाळणाऱ्याला भट्टी सोडता येत नाही. मग वरच्या खोलीत त्याची बायको स्टोव्हवर करंज्या तळते आणि पोरे गच्चीवर कुंडीतल्या मातीचा किल्ला करतात. नरक चतुर्दशीला पायाखाली चिरडायला चिरांटे मिळत नाही, पण पहाटे शेजारची तमिळ बाई विचारते, “गंगास्नान झाले का?” कारण तिथेही त्या पहाटे तेल लावून न्हाण्याची चाल आहे आणि अभ्यंगस्नानाला तिथे गंगास्नान म्हणतात. अशी दिवाळी कोणत्या अंकात छापून आली? लिहिण्यासारखे तीत काय कमी आहे?

बरे, शहरी संपादकांना एकट्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आम्ही गाववालेही काही कमी नाही. चैत्र-वैशाखात जत्रेला गलाईवाला गावी आला, की वर्गणीची पावती फाडताना तो ‘आपला’ असतो. देवळाचे शिखर, कमान, तमाशाची सुपारी, सगळ्यांत त्याचा पैसा चालतो. तोच ग्रामसभेत शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोलू लागला, की “तुम्ही बाहेरची माणसं, तुम्हाला काय ठावं?” त्याची मुलगी तमिळ वळणाने मराठी बोलली, तर चावडीवर हशा पिकतो. लागोसहून आलेल्या मुलाचे मोडके मराठी मात्र आपल्याला ‘किती गोड’ वाटते! हा भेद भाषेच्या प्रेमातून आलेला नाही. तो पैशाच्या आणि प्रतिष्ठेच्या हिशेबातून आलेला आहे.

टेंभू उपसा सिंचन योजनेला १९९६ साली मान्यता मिळाली आणि कृष्णेचे पाणी खानापूर-आटपाडीच्या माळावर चढले. काही शिवारे हिरवी झाली, याचा आनंद आहे. पण पाणी आले म्हणून गेलेली माणसे लगेच परततील, अशी आशा कोणी धरू नये. त्यांची मुले तिथल्या शाळांत आहेत, त्यांचे धंदे तिथे आहेत. तंजावरला सतराव्या शतकात गेलेल्या मराठ्यांच्या घरांत अजून मराठी बोलली जाते. ती आपली वाटते, तर कालपरवा गेलेल्यांची का वाटू नये?

म्हणून माझे मागणे थोडे आहे. गावांनी जत्रेच्या वर्गणीतला काही भाग काढून ठेवावा आणि या मुलांसाठी मराठी पुस्तकांच्या पेट्या कोइम्बतूर-त्रिशूरला पाठवाव्यात. भट्टीपुढे बसणाऱ्यांची छाती डॉक्टरांनी वर्षातून एकदा तरी तपासावी, याची सोय जत्रेच्या दिवसांत गावातच व्हावी. तेव्हा सगळे घरी असतात. आणि संपादकांनी पुढल्या दिवाळीत ती चार पाने एखाद्या गलाईवाल्याच्या बायकोकडून लिहून घ्यावीत. शुद्धलेखन खुशाल सुधारावे. मजकूर मात्र तिचा राहू द्यावा.