टपाल कार्यालय बदलतेय. तुमचा हप्ता कोणत्या खात्यात जातो ते तपासा

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दीड लाख ग्रामीण टपाल कार्यालये आणि २.४ लाख डाक सेवक ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या कामी लावण्याची घोषणा झाली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे डाक सेवक अंगठ्याच्या ठशावर तुमच्या आधार जोडलेल्या खात्यातील पैसे गावातच काढून देऊ शकतो. तालुक्याची फेरी आणि मजुरीचा दिवस वाचतो.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता आधारद्वारे जमा होतो. तुमची खाती कितीही असोत, थेट लाभासाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेले असते. टपाल बँकेत नवे खाते उघडताना त्यासाठी संमती दिली, तर हप्ता तिकडे वळतो आणि तुम्ही जुन्या बँकेत चकरा मारत राहता.

काय करावे?

• थेट लाभ कोणत्या खात्यात हवा, हे ठरवूनच संमती द्या.
• हप्ता दिसत नसेल, तर आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते आधी आधारच्या संकेतस्थळावर पाहा.
• पैसे काढल्यावर पावती घ्या.

कृषी सहायकांनी गावबैठकीत हे जरूर सांगावे. सोय दारात आली, तरी खात्यावर लक्ष आपणच ठेवायचे आहे.