निधी कशासाठी?

आणीबाणीच्या हवाई रुग्णसेवेसाठी धावून, सायकल चालवून निधी उभा करण्याची रीत जगात रुळलेली आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा मोफत असूनही हवाई रुग्णवाहिका मुख्यतः धर्मादाय संस्था चालवतात. लंडनची सेवा 1989 पासून सुरू आहे. 1952 मध्ये स्थापन झालेली स्वित्झर्लंडची ‘रेगा’ लाखो वर्गणीदारांच्या बळावर उभी आहे. आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनने 2004 पासून धावपटूंना सामाजिक संस्थांशी जोडले. गोव्यातही 2019 मध्ये मिरामारला ‘आयर्नमॅन 70.3’ आली. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणे एका दिवसात पार पाडणाऱ्यांच्या मागे मित्र, नातेवाईक आणि कंपन्या पैसे उभे करू शकतात. अशा फिटनेस चॅलेंजचे स्वागतच आहे. मात्र तो पैसा नेमका कशावर खर्च व्हावा, हे आधी ठरले पाहिजे.

पेडणे किंवा डिचोलीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात (गोमेकॉ) रुग्ण नेण्यासाठी हेलिकॉप्टर घेणे हे त्याचे उत्तर नव्हे. अंतर चाळीसेक किलोमीटरच्या आतबाहेर. हेलिकॉप्टर मागवायचे, उतरायला मोकळी जागा शोधायची, तिथवर रुग्णाला पुन्हा रुग्णवाहिकेनेच न्यायचे. एवढ्या वेळात 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बहुधा गोमेकॉच्या दारात पोहोचलेली असते. पावसाळ्यातले ढग आणि रात्रीचा काळोख या अडचणी वेगळ्याच. मे 2025 मध्ये शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत पहाटेच्या अंधारात चेंगराचेंगरी झाली, तेव्हा जखमींच्या कामी आल्या त्या रुग्णवाहिका, म्हापशाचे आझिलो इस्पितळ आणि गोमेकॉचे कक्ष. हृदयविकारातही तेच. ‘स्टेमी’ प्रकल्पात जवळच्या केंद्रावर काढलेला ईसीजी गोमेकॉतील तज्ज्ञ पाहतात आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे दिले जाते. जीव वाचवणारी ही मिनिटे जमिनीवरच मिळतात.

हवाई सेवेची खरी गरज पुढच्या टप्प्यावर आहे. गोव्यात न होणारे प्रत्यारोपण किंवा अवघड शस्त्रक्रिया यांसाठी व्हेंटिलेटरवरचा रुग्ण मुंबई किंवा बेंगळुरूला न्यायचा, तर घाटातला रात्रभराचा प्रवास त्याला झेपत नाही. सरकारची मेडिक्लेम योजना राज्याबाहेरच्या उपचारांना हात देते. पण वैद्यकीय विमान मागवायचे तर काही लाख रुपये तासाभरात उभे करावे लागतात. खाणपट्ट्यातल्या मजुराने किंवा हरमलच्या रापणकाराने ते कुठून आणायचे? जानेवारी 2023 पासून मोपाचा विमानतळ पेडण्याच्या दारात आहे. त्याचा उपयोग या रुग्णांना व्हावा म्हणून लोकनिधी हवा. बांबोळीच्याच आधाराने जगणाऱ्या सीमेपलीकडच्या दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या रुग्णांनाही त्यात वाटा मिळायला हवा.

आरोग्य ही सरकारची जबाबदारी असताना लोकांनी पदरमोड का करावी, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे, म्हणूनच मर्यादा आखली पाहिजे. 108 च्या गाड्या, डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य केंद्रे यांचा खर्च अर्थसंकल्पातूनच झाला पाहिजे. तुयेच्या इस्पितळासाठी पेडणेकरांना आंदोलन करावे लागले, ही सरकारची उणीव देणगीने झाकता येणार नाही. दुसरा आक्षेप असा की हा पणजीतल्या सुखवस्तूंचा छंद आहे. छंद असेल, पण त्यातून साखळीच्या रुग्णाचे विमान उडत असेल, तर तो सत्कारणी लागला. तिसरी शंका पैशाच्या हिशेबाची नि सेवेच्या सातत्याची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. एकदाचा उत्साह ओसरला की सेवा कोलमडते. यंत्र निकामी झाले तरी तेच. ऋषिकेशच्या एम्सची हेलिकॉप्टर सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली आणि मे 2025 मध्ये तिचे हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना अपघातग्रस्त झाले. सुदैवाने जीवितहानी टळली. पण एकाच यंत्रावर विसंबलेली सेवा किती नाजूक असते, ते दिसले.

त्यामुळे निधी यंत्र विकत घेण्यात अडकवू नये. तो कायम स्वरूपाचा असावा आणि विमान गरजेनुसार मागवावे. कोणाला न्यायचे याचा निर्णय गोमेकॉच्या डॉक्टरांनी केवळ वैद्यकीय निकषांवर घ्यावा, त्यात आमदाराच्या चिठ्ठीला स्थान नसावे. प्रत्येक उड्डाणाचा खर्च, रुग्णाचे नाव गुप्त ठेवून, दर तिमाहीला जाहीर व्हावा. सरकारने एवढी चौकट आखून द्यावी आणि आयोजकांनी पुढच्या स्पर्धेपासूनच निधी संकलन सुरू करावे. पैशाअभावी गोव्यातला एकही रुग्ण विमानावाचून अडता कामा नये.