इपॉक्सी ओत की, काय होतंय!

शनिवार आहे, दुसरा चहा झालाय आणि आज जरा भांडायचा मूड आहे. तर मंडळी, "इपॉक्सी ओतलं की झालं इन्सुलेशन" असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी पाच मिनिटं बसून हे वाचावं. शिव्या नंतर घाला :-)

निमित्त असं, की माझा कॉलेजातला एक मित्र आहे. मूळचा पक्का पुणेकर, आता कॅलिफोर्नियात. आठवडाभर कोड लिहितो आणि वीकेंडला गॅरेजमध्ये फ्यूजर बांधतो. फ्यूजर म्हणजे फिलो फार्न्सवर्थने १९६० च्या दशकात केलेलं यंत्र. स्टीलच्या भांड्यातली हवा पंपाने काढायची, आत तारेची गोल जाळी टांगायची आणि तिला उणे वीस-तीस हजार व्होल्ट द्यायचे. मधोमध जांभळट प्लाझ्मा चमकतो. दिसतं फार सुंदर, खोटं कशाला बोला.

आता भांडं अर्थ केलेलं. मग एवढ्या व्होल्टेजची तार आत न्यायची कशी? त्यासाठी सिरॅमिकचे तयार फीडथ्रू मिळतात, पण किंमत ऐकून पोटात गोळा येतो. म्हणून साहेबांनी झाकणाला भोक पाडलं, मधून रॉड घातला आणि भोवतीची ५ मिलिमीटरची फट दोन ट्यूबवाल्या झटपट इपॉक्सीने भरून टाकली. तीन रविवार मस्त चाललं. चौथ्या रविवारी टिक-टिक आवाज, जळका वास आणि सप्लाय ट्रिप. इपॉक्सीत रॉडपासून झाकणापर्यंत केसाएवढी काळी रेघ!

फोनवर त्याचं म्हणणं, "अरे, डेटाशीटवर १५ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर लिहिलंय. माझे ३० हजार व्होल्ट ५ मिलिमीटरवर, म्हणजे फक्त ६. अडीचपट मार्जिन!"

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. डेटाशीटवरचा आकडा लॅबमधल्या पातळ, एकसंध, बुडबुडा नसलेल्या नमुन्याचा असतो, गॅरेजमध्ये काडीने घोटून ओतलेल्या गोळ्याचा नव्हे. त्यात बुडबुडे असणारच. हवेचा परावैद्युत स्थिरांक १, इपॉक्सीचा साधारण ४. त्यामुळे गोल बुडबुड्यातलं विद्युतक्षेत्र भोवतीच्यापेक्षा सुमारे १.३ पट होतं, म्हणजे ६ चे झाले ८. आणि साध्या दाबाच्या हवेत ठिणगी पडायला ३ किलोव्होल्ट प्रति मिलिमीटर पुरतात. मिलिमीटरभर बुडबुड्यात थोडे जास्त लागतील, पण ८ नक्कीच नाही.

त्यात तो बुडबुडा एखाद्या बारीक चिरेतून व्हॅक्यूमला जोडलेला असेल तर आणखी मजा. पाशेनने १८८९ मध्येच दाखवलं होतं, की दाब उतरला की हवा आधी जास्त सहज फुटते. मिलिमीटरभर पोकळीत दाब ७-८ मिलिबारवर आला, की साडेतीनशेच्या आसपास व्होल्टसुद्धा पुरतात. तीस हजारांची गोष्टच सोडा.

डीसीवर अशा ठिणग्या कमी वेळा पडतात, मान्य. पण प्रत्येक ऑन-ऑफला, सप्लायच्या प्रत्येक रिपलला पडतात, आणि दर ठिणगीगणिक भिंत थोडी जळते. कार्बन साठतो, आणि कार्बनमधून करंट वाहतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक आहे. डेमोला सगळं व्यवस्थित, प्रॉडक्शनमध्ये तिसऱ्या आठवड्यात क्रॅश. तीन रविवार चाललं याचा अर्थ जोड मजबूत होता असा नव्हे, त्याला मरायला तीन रविवार लागले एवढाच.

आणि उष्णता? इपॉक्सी स्टीलच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं. झटपट जातीचे बरेच इपॉक्सी ५०-६० अंशांनाच मऊ पडू लागतात. दोन-चार वेळा गरम-थंड झालं की ते धातूपासून सुटतं आणि तिथे नवी फट तयार.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "मग ट्रान्सफॉर्मरमध्ये कसं चालतं?" चालतं ना! तिथे रेझिन व्हॅक्यूमखाली ओततात, ओव्हनमध्ये सावकाश पिकवतात आणि आत ठिणग्या पडतात का ते मोजूनच माल बाहेर पाठवतात. "प्रयोगशाळेतही वापरतात!" वापरतात, पण तिथे खास कमी वायू सोडणारं रेझिन असतं, आणि त्याचं मुख्य काम गळती बंद करण्याचं. तुम्ही त्यांचं मटेरियल उचललंत, प्रोसेस तिथेच ठेवलीत.

फीडथ्रू महाग आहे, हे दुःख मला कळतं. मग व्होल्टेज काच किंवा सिरॅमिकची लांब नळी सोसेल असं डिझाइन करा, इपॉक्सी फक्त नळी आणि धातूमधली हवा अडवायला लावा. सावकाश पिकणारं घ्या, कालवल्यावर व्हॅक्यूममध्ये ठेवून बुडबुडे काढा. धातूच्या कडा गोल करा. बाहेरच्या जोडावर अर्थ केलेलं धातूचं कव्हर हवंच, सप्लायला ब्लीडर रेझिस्टर हवा, आणि हात लावायच्या आधी अर्थिंगची काठी टेकवा. एवढं जमत नसेल तर व्होल्टेज कमी ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

माझा मित्र वाचला तो भांडं नीट अर्थ केलं होतं म्हणून. ती काळी रेघ झाकणाऐवजी बाहेरच्या बाजूला फुटली असती, आणि त्याच वेळी तो केबल सरळ करत असता तर? हा प्रश्न मी त्याला फोनवर विचारला. बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "फीडथ्रू मागवलाय."

असो. कोड फुटला तर रोलबॅक करता येतो. तीस हजार व्होल्टना ती सोय नाही.