पाहुण्यांपुरते शहाणपण

उष्ण देशांत जाणाऱ्या प्रवाशांसाठी युरोप-अमेरिकेत सल्ल्याची पुस्तके निघतात, हे वाचकांना ठाऊक असेलच. नळाचे पाणी पिऊ नका, उकळून गार केलेले प्या; सरबतात बर्फ घालू देऊ नका; जे फळ स्वतः सोलता येईल तेच खा; अन्न वाफाळते असेल तरच तोंडाला लावा; भर दुपारी उन्हात फिरू नका; मच्छरदाणीत झोपा; मोकाट कुत्र्याच्या वाटेस जाऊ नका. हिंदुस्थानविषयीचे असे कोणतेही पुस्तक उघडा, थोड्याफार फरकाने हीच सात वाक्ये तुम्हांला भेटतील. आणि ती वाचली की आमच्यातल्या देशाभिमानी मंडळींच्या अंगाचा तिळपापड होतो. साहेबाने आमच्या देशाची बदनामी केली म्हणून ते आरडाओरड करतात.

माझे म्हणणे अगदी उलट आहे. ती सातही वाक्ये खरी आहेत. लाज वाटायची तर ती परक्यासाठी लिहिली गेली याची वाटू नये. ती आपल्या माणसांना कोणी तितक्या आस्थेने सांगितली नाहीत, याची वाटावी.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तो बायकापोरांसह बेलापुरात आला, तेव्हा तिकडच्या डॉक्टराने दिलेला सूचनांचा छापील कागद त्याच्या खिशात होता. गावात ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पारावरच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला अडवले. "मास्तर, आम्ही काय इथे विष पितो का? आमची पोरं हेच पाणी पिऊन वाढली ना?" मी म्हणालो, "बाबा, जी वाढली ती सांगायला हजर आहेत. जी वाढली नाहीत ती पारावर यायची कुठून?" बाबा गप्प झाले, पण रुसले ते रुसलेच.

सवयीचा हा युक्तिवाद मला फार ठिकाणी ऐकू येतो, म्हणून त्याचा एकदा निकाल लावू. शरीराला सवय होते म्हणजे काय होते? लहानपणी तो रोग होऊन जातो आणि त्यातून जे मूल उठते त्याच्या अंगी प्रतिकाराची शक्ती येते. काविळीच्या एका प्रकाराचे असेच आहे. म्हणजे ज्याला आपण सवय म्हणतो ती पोराने आजारपण भोगून मिळवलेली असते. टायफॉइड आणि पटकी तर माणूस गावचा की परगावचा, हेही विचारीत नाहीत. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला गुइलेन-बॅरे नावाच्या व्याधीने दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, कित्येकांचे हातपाय लुळे झाले. तपासण्यांत अनेकांच्या पोटात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. परदेशी पाहुण्याचे पोट बिघडवणाऱ्या जंतूंत याच महाशयांचे नाव वरच्या रांगेत असते. पुणेकरांना पुण्याच्या पाण्याची सवय नव्हती, असे आता कोणी म्हणणार आहे काय?

दुसरा वर्ग याहून चतुर आहे. तो सल्ल्यावर रागावत नाही, सल्ला पाळतो, फक्त पाहुण्यापुरता. जावई आला, साहेब आला, की दुकानातून सीलबंद बाटल्या येतात. पाहुण्याने बाटलीचे प्यायचे, त्याच्या ड्रायव्हरने माठातले प्यायचे आणि भांडी घासणाऱ्या बाईच्या पोराने मोरीवरच्या नळाला तोंड लावायचे. आमच्यापासून जवळच शिर्डी आहे. तिथे देशभरातून माणसांची रीघ लागते आणि बाटल्यांच्या राशी पडतात. बाटलीने पाहुण्याची सोय होते, गावाचे पाणी मात्र आहे तसेच राहते. आमच्या खेड्यांत टी.सी.एल. पावडर पाण्यात कालवून टाकीत टाकतात. ती मापाने टाकावी लागते आणि पाणी सोडण्यापूर्वी निदान अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. अर्ध्या तासाचा एवढा धीर धरला, तर बाटलीइतकेच निर्धोक पाणी साऱ्या गावाला मिळू शकते. पण पाणी नितळ दिसले की आम्ही ते स्वच्छ समजतो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे तिसरी-चौथीतले पोर मला घडाघडा म्हणून दाखवते. त्याच्या घरच्या कारभाऱ्यांना ते पटवायचे राहून गेले आहे.

आणि प्रवासी म्हणजे गोराच, ही समजूतही सोडली पाहिजे. आपल्याच मुलखात गावाबाहेर पडणारा प्रत्येक माणूस उष्ण देशातला प्रवासी आहे. बेलापूर नावाची दोन ठिकाणे आहेत. आमचे एक, प्रवरेकाठचे. दुसरे नव्या मुंबईतले. त्या दुसऱ्या बेलापुरापुढचे स्टेशन खारघर. १६ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या मैदानावर 'महाराष्ट्र भूषण' पुरस्काराचा सोहळा झाला. राज्यभरातून लाखो माणसे भक्तिभावाने आली आणि उघड्या उन्हात बसली. उष्माघाताने चौदा जण दगावले. तापमापकातला पारा काही नवलाईचा चढला नव्हता. आमच्याकडे उन्हाळ्यात तो त्याहून वर जातो. पण समुद्रकाठची हवा दमट. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. देशावरच्या कोरड्या उन्हाचा सराव असलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेले नसते. दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत, हे सरकारला त्या चौदा जणांनंतर सुचले. प्रवाशांच्या सल्ल्याच्या पुस्तकात ते आधीपासून छापलेले होते.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हा दिवाळी अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास आमच्या भागात प्रवाशांची एक फार मोठी लाट येत असते. हे प्रवासी विमानाने येत नाहीत. बीडकडून, आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीकडून ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, शेळ्या आणि पोरे घालून ते येतात. नवराबायकोच्या जोडीला इथे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव द्यायला आम्ही कचरलो नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ते उन्हाळा लागेपर्यंत उसाच्या फडात राबतात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. पाणी पाटाचे, नाहीतर शेजारच्या विहिरीचे. तेही मालकाने भरू दिले तर. त्यांची पोरे माझ्या वर्गात येऊन बसतात आणि अधूनमधून आठ-आठ दिवस दिसेनाशी होतात. विचारले तर धाकटे भावंड उत्तर देते, "पोट धरलंय, गुरुजी."

या पाहुण्यांसाठी कोणी पुस्तक काढले आहे? मण्यार रात्री बिळाबाहेर पडते, भुईवर निजलेल्याला चावते आणि पुष्कळदा दंश जाणवतही नाही. चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी डासाप्रमाणे तिलाही अडवते. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता तडक प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. हे त्यांना कोणी सांगितले आहे?

जुलाबाचेच घ्या. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत ग्लुकोज, मीठ आणि सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजले. शंभरातली तीसच्या आसपास माणसे मरत होती, तिथे ते प्रमाण चारच्या आत आले. घरी करायचे तर एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. साखरेच्या सोबतीने मीठ आतड्यात शिरते आणि मिठामागून पाणी. सहा चमचे साखर! आणि आमचा जिल्हा कोणता? १९५० साली ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने सहकारी साखर कारखाना उभा केला, तो. पोत्यांच्या थप्प्या गोदामांच्या छपराला टेकतात, आणि ज्या हातांनी तो ऊस तोडला त्यांच्या कोपीत जुलाबाने मलूल झालेल्या पोराला सहा चमचे साखर घालून पाणी पाजायचे असते, हे सांगणारा कोणी नसतो. याला मी अडाणीपणा म्हणत नाही. हा बेपर्वाईचा गुन्हा आहे, आणि तो आम्हा शिकलेल्यांचा आहे.

मी मॅट्रिक शिकलेला मास्तर. पोरांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मोठ्या योजना आखणे माझे काम नव्हे. पण देशाच्या बदनामीने ज्यांचे रक्त उसळते त्यांना माझी एक विनंती आहे. साहेबाच्या पुस्तकातली ती सात वाक्ये साध्या मराठीत उतरवा. कारखान्याच्या फाटकावर, मुकादमाच्या ट्रकावर, शाळेच्या भिंतीवर ती रंगवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोपीपाशी जाऊन वाचून दाखवा. जाताना पाण्याच्या पिंपासाठी औषध, कोपीमागे एक मच्छरदाणी आणि एक किलो साखर न्या. गळिताचा हंगाम सुरू होतो आहे. हे सारे या पंधरवड्यात होण्याजोगे आहे. एवढे करा, आणि मग साहेबावर खुशाल रागवा. तुमच्या रागात मीही सामील होईन.