न वाचता दिलेला अंगठा

जबलपूरच्या सराफ्यात खरेदीचा एक नियम कुणाला शिकवावा लागत नाही. कमानिया गेटजवळच्या पेढीवर पैसे मोजून घेतलेला दागिना घेणाऱ्याचा होतो. तो मोडावा, आटवावा, लेकीच्या अंगावर घालावा किंवा अडीअडचणीला गहाण टाकावा. विकणारा सराफ पाच वर्षांनी दारात येऊन, आमचे धोरण बदलले म्हणत तो उचलून नेत नाही. गहाणाच्या चिठ्ठीवर वजन, टंच आणि व्याज लिहिलेले असते. १ एप्रिल २०२३ पासून तर एचयूआयडी या सहा अक्षर-अंकांच्या ओळख-क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवर तपासता येतो. देशभरच्या सराफ बाजारांत विटा, खानापूर, आटपाडीकडची सोने गाळणारी मराठी गलाई मंडळी पिढ्यान्‌पिढ्या भट्टीपुढे बसली ती एकाच भरवशावर: सांगितलेला टंच खरा निघाला पाहिजे.

त्याच बाजारात आज प्रत्येक गल्ल्यावर संगणक आहे आणि प्रत्येक खिशात फोन. संगणकातली विंडोज अनेक ठिकाणी फुकटात ‘टाकून घेतलेली’ असते. फोनवर शेकडो करार मान्य करून झालेले असतात. गुंजभर सोन्यासाठी तासभर घासाघीस करणारी माणसे त्या करारांची एक ओळ वाचत नाहीत. माझा आरोप कुठल्या परदेशी कंपनीवर सुरू होत नाही, तो आपल्यावर सुरू होतो. सराफ्यातल्या, पुण्या-नागपुरातल्या, शिकल्यासवरलेल्या मराठी माणसांनी बुद्धीच्या मालाचा व्यवहार दोन्ही अंगांनी बेइमान होऊ दिला आहे. घेताना आपण चोरी करतो आणि लुबाडले जात असताना मान डोलावतो.

मान डोलावण्याची किंमत मराठी मुलखाने एकदा मोजली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. पुढे गावोगाव त्यांनी एकच वस्तू मागितली, ती म्हणजे कर्जाचे कागद. हाती लागलेली खते आणि रोखे त्यांनी जाळले. त्या कागदांवर अंगठे त्यांचेच होते, पण वर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लेखणीच्या जोरावर चाललेली ही नागवणूक उघडी केली. त्याआधी १८७९मध्ये इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला होता. शेतकऱ्याने लिहून द्यायचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हावा, आणि दस्तावर काहीही लिहिलेले असले तरी मूळ व्यवहार काय होता ते न्यायालयाने उकरून पाहावे, असे त्यात ठरले. नुसता अंगठा उमटला म्हणजे संमती झाली, हे परक्या सरकारनेसुद्धा मान्य केले नाही.

तो शेतकरी निरक्षर होता. आपण पदवीधर आहोत. आपल्यापुढे येणारा करार इंग्रजीत, वकिली भाषेत, पन्नास-पन्नास पानांचा असतो आणि खाली ‘मान्य आहे’ असे बटण असते. ते दाबले नाही तर विकत घेतलेला फोन चालत नाही. या जबरदस्तीला आपण संमती म्हणतो आणि पुढे जातो. त्या करारात बहुतेक वेळा असेही लिहिलेले असते की माल जसा आहे तसा दिला आहे, त्यातून नुकसान झाल्यास आम्ही जबाबदार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. टंचाची हमी नाही असे म्हणणाऱ्या सराफाच्या पेढीची पायरी आपण चढलो असतो का?

आता आपल्या चोरीबद्दल. विंडोजवर वर्षानुवर्षे ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये आपण मराठी वाचत आलो, त्याची अक्षरे र. कृ. जोशी यांनी घडवली. कवी, सुलेखनकार आणि शिक्षक असलेला हा माणूस २००८मध्ये गेला. देवनागरी संगणकाच्या पडद्यावर उभी करण्यासाठी त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली. रोज ती अक्षरे वाचणाऱ्या किती मराठी माणसांना त्यांचे नाव ठाऊक आहे? ठाऊक नाही, कारण सॉफ्टवेअरमागे माणूस असतो हेच आपण मानत नाही. कायदा मात्र मानतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणक-प्रणालीला साहित्यकृतीचा दर्जा आहे, आणि चोरीची प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ ब प्रमाणे सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गरिबीची सबबही आता टिकत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे देखणे देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर दिले आहेत. पत्रे लिहायला आणि हिशेब मांडायला लिबरऑफिस फुकट मिळते. कायदेशीर आणि मोफत वस्तू समोर असताना माणूस चोरीचीच उचलतो, तेव्हा त्याला अडचण नाही, सवय आहे.

पुस्तकांच्या बाबतीत जबलपूरकर मराठी माणसाची अडचण खरी आहे, ती मी झटकून टाकणार नाही. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल १८१७मध्ये संपला, मराठी घरे मात्र राहिली. या घरांना पुण्या-मुंबईसारखे कोपऱ्यावर मराठी पुस्तक मिळत नाही. म्हणून नव्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आली की ती मातृभाषेची सेवा समजून पुढे पाठवली जाते. दिवाळी अंकांचेही तेच होते. पण मराठीत हजार प्रतींची आवृत्ती खपायला वर्षे लागतात, तिथे एका गटातून दुसऱ्या गटात गेलेली फाइल लेखकाच्या मानधनाचाच घास घेते. मराठी मरते आहे म्हणून गळा काढणारे आणि मराठी लेखकाला एक रुपया न देता त्याचे पुस्तक वाटणारे, ही पुष्कळदा एकच माणसे असतात.

आणि वाटायला कायदेशीर असे थोडे का आहे? लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. जबलपुरात राहिलेल्या सुभद्राकुमारी चौहान फेब्रुवारी १९४८मध्ये गेल्या. त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता १ जानेवारी २००९पासून कुणीही छापाव्या, कुणीही वाटाव्या. याच शहरातले हरिशंकर परसाई १९९५मध्ये गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५५ अखेरपर्यंत राहील. शिक्षणासाठीही वाट मोकळी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६मध्ये प्रकाशकांच्या विरुद्ध निकाल दिला आणि अभ्यासासाठी पुस्तकांतले उतारे एकत्र करून देणे हे शिक्षणाचेच अंग मानले. ज्ञान वाटणे आणि जिवंत लेखकाची मजुरी बुडवणे यांत कायद्याला फरक कळतो. तो सुशिक्षितांना कळू नये, ही लाजेची गोष्ट आहे.

कंपन्यांना आपली ही सवय पुरती ठाऊक आहे. बिल गेट्स यांनी १९९८मध्ये चीनमधल्या चोरीबद्दल जाहीरपणे सांगितले होते की, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे; त्यांना सवय लागेल आणि वसूल कसे करायचे ते आम्ही पुढच्या दशकात शोधू. फुकटाची सवय हे जाळ्यात टाकलेले दाणे होते. वसुलीची पद्धतही सापडली: वस्तू विकायचीच नाही, भाड्याने द्यायची. अडोबीने २०१३मध्ये आपली चित्रणाची आणि मांडणीची साधने कायमची विकण्याऐवजी वर्गणीवर आणली. वर्गणी मध्येच सोडणाऱ्याकडून घ्यायचे शुल्क लपवले आणि रद्द करण्याची वाट अवघड केली, असा आरोप ठेवून अमेरिकी सरकारने जून २०२४मध्ये तिच्यावर दावा लावला.

‘विकत घ्या’ असे बटण दाबून घेतलेली वस्तूसुद्धा आपली नसते. २००९मध्ये अमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी पुसून टाकली. ज्याने ती दुकानात ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते, हे खरे. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण लोकांच्या घरातल्या पुस्तकापर्यंत कंपनीचा हात पोचतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा विकलेली पुस्तकेही गेली, परतावा तेवढा मिळाला. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेझॉनने किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही काढून घेतली. आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रामाणिक ग्राहकाला प्रणालीची जपणुकीची प्रत करण्याचा हक्क देते. २०१२ची दुरुस्ती मात्र हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. कुलूप कंपनीचे, किल्ली कंपनीची, पैसे आपले.

याच क्षेत्रातले उद्योग दुसऱ्याचा माल घेताना कसे वागतात? २०२५मध्ये अँथ्रोपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने अमेरिकेतल्या लेखकांशी सुमारे दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. तिने चोरीच्या ग्रंथसंग्रहांतून लाखो पुस्तके उतरवून घेतली होती. विद्यार्थ्याने केले तर चोरी आणि भांडवलदाराने केले तर प्रगती, हा न्याय मला मान्य नाही.

सर्वांत कडू गोष्ट अजून सांगायची आहे. ही कुलपे घडवणारे हात आपल्या घरातले आहेत. जबलपूरची मुले पुण्याला हिंजवडीत जातात, बंगळुरूला जातात, तिथून अमेरिकेला जातात. रद्द करण्याचे बटण चौथ्या पानावर कुणी लपवले? ऑनलाइन खरेदीच्या टोपलीत न मागितलेला विमा कुणी घातला? कुणाच्या तरी हुशार मुलाने, तिमाहीचा आकडा गाठायचा म्हणून. त्याने लिहिलेल्या प्रणालीवर त्याचे नाव नसते. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीत घडवलेल्या कृतीचा पहिला हक्कदार नोकरी देणाराच असतो. हक्क गेला, पण जबाबदारी जात नाही. लग्नाच्या बैठकीत आपण त्याचे पॅकेज विचारतो. बाळा, तू जे बनवतोस त्याने कुणाचे भले होते आणि कुणाचे पैसे त्याच्या नकळत जातात, हे त्याला आई विचारत नाही, बाप विचारत नाही, सासराही विचारत नाही. भेसळ करणाऱ्या वाण्याला नावे ठेवणारे घर स्वतःच्या मुलाच्या भेसळीवर फ्लॅटचे हप्ते भरते. याला मी अधर्म म्हणतो.

केरळने शाळांमधले संगणक मुक्त प्रणालीवर आणले, आणि तिथली लाखो मुले कुणाची चोरी न करता, कुणाची मिंधी न होता संगणक शिकली. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमासाठी रांगा लावलेल्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस एवढेच कळले. मध्य प्रदेशातही वेगळे झाले नाही. ही चूक दुरुस्त करण्यासाठी कुणा दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. शाळांच्या संचालक मंडळांवर आपलीच माणसे आहेत, एका ठरावाचे काम आहे.

सरकारकडे मागण्यासारखेही आहे, आणि ते मोर्चा काढून मागावे इतके रास्त आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून, केवळ परवाना देत असताना ‘विकत घ्या’ म्हणणाऱ्या दुकानाला तसे स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडेही ते सक्तीचे व्हावे. प्रत्येक कराराचा गोषवारा एका पानात, मराठीत आणि हिंदीत, बटणाच्या वर असावा. १८७९मध्ये शेतकऱ्याला जे संरक्षण मिळाले त्याहून कमी आज नागरिकाला का मिळावे?

तोवर जे हातात आहे ते वापरा. ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी वर्गणीचा सापळा, टोपलीत परस्पर माल घालणे अशा तेरा फसव्या युक्त्यांना अनुचित ठरवले आहे. असा सापळा दिसला तर पडद्याचे चित्र जपून ठेवा आणि तक्रार करा. चोरीची पीडीएफ आली तर ती पुसा आणि पुस्तक मागवा. फसव्या युक्त्यांच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार मराठीतही नोंदवता येते.