परवान्याचा बाण आणि चोरीचा बाण

आश्विन लागता लागता माझ्या भाच्याचे अमेरिकेहून लांबलचक पत्र आले. पोरगा टेक्सासात नोकरीला आहे. लहानपणी आजोळी आला की भिंतीवर पाल दिसताच पलंगावर चढून बसणारा हा मुलगा आता शिकारीला निघाला आहे, आणि तीही बंदुकीने नव्हे, धनुष्यबाणाने! तिकडे समुद्रकाठी लगूना अटास्कोसा नावाचे सरकारी अभयारण्य आहे, 1946 साली स्थापन झालेले. तेथे ठरावीक दिवसांत परवाना काढून धनुर्धाऱ्यांना शिकार करता येते. कोणत्या जनावराची? वाचकहो, आपल्या रोह्याची! हिंदी मुलखात ज्याला नीलगाय म्हणतात तो हा रोही 1930 च्या सुमारास किंग रँच नावाच्या एका अवाढव्य कुरणाच्या मालकांनी हौसेने तिकडे सोडला. तो हजारांनी वाढला. गुरांना ज्वर आणणाऱ्या गोचिडी अंगावर वागवतो म्हणून आज तो तेथे परका आणि नकोसा झाला आहे.

भाच्याने बेत तरी किती बारकाईने आखावा! वारा कोणत्या अंगाने वाहील, रोह्याची नजर तीक्ष्ण तर किती पावलांवरून बाण सोडावा, दोनअडीचशे किलोचे धूड पडले तर त्या उष्ण हवेत मांस नासू न देता बाहेर कसे काढावे, सारे पत्रात होते. धनुष्यही आपल्या ओळखीचे नव्हे. दोन्ही टोकांना चाक्या, नेम धरायला काचेचे भिंग. आणि पत्राच्या शेवटी ताजा कलम: “मामा, तुमच्याकडचे भिल्ल तीरकामठ्यात पटाईत म्हणतात. रोह्याला बाण नेमका कोठे मारावा, हे त्यांना विचारून कळवा.”

पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचले. चहाला बसलेले शेजारी खूश झाले. काय जिद्द, काय शिस्त, परदेशी राहूनही अंगात क्षात्रतेज कसे! आता सांगायला संकोच वाटतो, पण याच ओसरीवर, याच मंडळींत, भर पावसाळ्यात मोलगीकडचा एक माणूस सशासकट सापडल्याची बातमी आली होती. तेव्हा जो तो म्हणाला, “या लोकांनीच जंगल खाल्ले.” मान डोलावणाऱ्यांत मीही होतो.

भाच्याचा निरोप घेऊन मी आमच्या शाळेतल्या एका पोराच्या आजोबाकडे गेलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पण कादंबऱ्यांपायी चार माणसांत बसून बोलते करण्याची कला थोडी अंगी आहे. म्हातारा मात्र माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, माझ्याकडे कामठा नाही.” मी तो मागितलाच नव्हता! पुष्कळ वेळाने कळले ते असे. मुलीचे सासर राज्याच्या सीमेपलीकडे, अभयारण्यातल्या पाड्यात. एका होळीला हा तिकडे निघाला, खांद्यावर तीरकामठा, कारण होळीला रिकाम्या खांद्याने जाणे त्याच्या जातीला शोभत नाही. वाटेत अडवले आणि कामठा गेला. बांबूचा दांडा, दोरीही बांबूच्याच चिरफळीची, बापाने केलेला.

अडवणाऱ्याचे कायद्याने चुकले नव्हते. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून पाहा. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्य आणि बाण नाव घेऊन बसवले आहेत, आणि लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात पाऊल टाकण्यास कलम 31 ची मनाई आहे. गंमत अशी की याच कायद्यात आरंभी शिकारीचे परवानेही होते. फी भरणाऱ्याला शिकार, बाकीच्यांना गुन्हा! ते परवाने 1991 साली रद्द झाले. पुढे 2006 साली वनहक्कांचा कायदा आला, पिढ्यान्‌पिढ्यांचे सारे हक्क मान्य करणारा. त्यातही शिकारीचा पारंपरिक हक्क तेवढा शब्दाशब्दांत वगळला आहे.

वगळावा, माझी तक्रार नाही! हे ऐकून कोणी मला शिकारीचा वकील ठरवू नये. आमच्या सातपुड्यात उरले आहे काय? आज प्रत्येक पाड्याला बाण सोडायची मुभा दिली तर दोन हिवाळ्यांत ससाही दिसणार नाही. माझा सवाल निराळा आहे. जंगल रिकामे केले कोणी, आणि चोर ठरला कोण?

1825 साली औट्रम साहेब भिल्ल पलटण उभारायला खानदेशात, धरणगावी आले. भिल्लांशी त्यांची मैत्री जमली ती शिकारीतून. दहा वर्षांत त्यांच्या मंडळीने दोनशेहून अधिक वाघ मारले. चरित्रकारांनी हा आकडा अभिमानाने नोंदवला आहे. माग काढणारे भिल्ल किती गेले, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. त्यानंतर संस्थानिक, त्यांचे पाहुणे, ठेकेदारांच्या गाड्या. मग नर्मदेवरचे धरण आले आणि अक्कलकुवा व अक्राणी मिळून महाराष्ट्रातल्या 33 गावांना बुडिताची झळ लागली. मणिबेली त्यांत पहिले. कुठल्या तीरकामठ्याने इतके जंगल एका पिढीत पाण्याखाली घातले असते? स्वतंत्र भारतातही, 1963 साली, फ्रेड बेअर नावाचा अमेरिकन धनुष्यकार येथे येऊन बाणाने वाघ मारून गेला. त्याचे नाव शिकारीच्या पुस्तकांत गाजते आहे. बाणाने वाघ मारणे तेव्हा पराक्रम होता. फक्त मारणारा कोण, ते पाहायचे.

धनत्रयोदशीला तळोद्याकडून यात्रेकरूंचे जथे अस्तंब्याचा डोंगर चढू लागतील. तेथे अश्वत्थामा वास करतो अशी येथील श्रद्धा. ज्या द्रोणाने एकलव्याचा अंगठा मागून घेतला त्याच्या मुलाला भेटायला दर दिवाळीला भिल्ल रात्रभर अनवाणी चढतात! इतकी क्षमा आपल्याकडून झाली असती का?

अमेरिकेची व्यवस्था मी वंदनीय मानत नाही. पण तेथे जनावरे मोजतात, दिवस ठरवतात, नियम छापून साऱ्यांना सांगतात. आपल्याकडे 2015 साली महाराष्ट्र सरकारने पिके नासवणाऱ्या रानडुकरांना व रोह्यांना मारण्याची परवानगी देण्याची रीत घालून दिली. 2016 च्या जूनमध्ये बिहारात मोकामा येथे बाहेरून बंदूकवाले बोलावून दोनशेहून अधिक रोही पाडले गेले. म्हणजे मारायचे ठरले तरी बंदूक बाहेरची! ज्याला जनावराच्या पावलावरून त्याचे वय सांगता येते त्याला मोजणीला बोलवावे, मजुरीने नव्हे तर मानाने, सल्ल्याला बसवावे, असे आजवर कोणाच्या मनात का येऊ नये? त्याच्या मुलाला मी शाळेत ‘वन्यप्राणी वाचवा’ हा निबंध लिहायला लावतो. पोर लिहितोही सुरेख. त्याच्या आजाला जे ठाऊक आहे त्यातला एक शब्द त्या निबंधात येत नाही, आणि आला तर मीच लाल शाईने खोडीन की काय, अशी मला भीती वाटते.

शेवटी म्हातारा थोडा मोकळा झाला. रोही डोंगरातले नव्हे, खाली तापीकडच्या शेतांतले जनावर, म्हणाला. परवान्याची हकीकत त्याला दोनदा सांगावी लागली. फॉरेस्टवाला स्वतः कागद देतो, हे काही केल्या पटेना. मग विचारतो, “मारल्यावर वाटा कोणाकोणाला?”

“ज्याने मारले त्याला.”

“आणि हाकाऱ्याला? घरी बसलेल्या म्हातारीला?”

मला उत्तर देता येईना. तेवढा प्रश्न मी भाच्याला कळवला आहे. बाण नेमका कोठे मारावा ते मात्र कळवू शकलो नाही. मी कागदपेन्सिल काढताच म्हातारा उठला.

“ते लिहू नका, गुरुजी. कागद कोणाच्या हाती लागेल, काय नेम.”