बोटीवरचा गॅस सिलिंडरपाशीच बंद करा

पावसाळी बंदी संपत आली. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी थांबते, आणि काही जण तर नारळी पौर्णिमेचा नारळ सोडल्याशिवाय बोट हलवत नाहीत. तेव्हा सध्या सातपाटीपासून मिरकरवाड्यापर्यंत आणि पलीकडे गोव्यात मालिमच्या जेटीवरही एकच लगबग आहे : रंग, ऑइल, जाळ्यांची डागडुजी, बर्फाचे पैसे. इंजिनासाठी मेकॅनिक येतो, दिव्यांसाठी वायरमन येतो. केबिनमधली शेगडी मात्र गेल्या मोसमात होती तशीच असते आणि पहिल्या फेरीला कुणीतरी चहासाठी ती पेटवतो. हे लिहिणं नाखवा, तांडेल, खलाशी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. सांगायची गोष्ट एकच : शेगडीचं बटण फिरवलं म्हणजे गॅस बंद झाला असं बोटीवर धरून चालू नका. चूल झाली की प्रत्येक वेळी सिलिंडरपाशी बंद करा.

घरी बटणावर भागतं, कारण घराला दार असतं आणि दाराखाली फट असते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. म्हणून गळालेला गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली वाहतो. घरात तो उंबऱ्यावरून, फटीतून निघून जाण्याची शक्यता तरी असते. बोटीत कुठे जाणार? तळाला भोक नसणं हाच तर बोटीचा धर्म. केबिनच्या फळ्यांमधून तो इंजिनखाली, तळातल्या पाण्यावर जाऊन बसतो. वर वारा भन्नाट सुटलेला असला तरी खाली त्याला हलवणारं काही नसतं.

किती गॅस पुरतो, हा हिशेब एकदा करून बघा. हवेत सुमारे 2 टक्के गॅस मिसळला की ठिणगीसरशी पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि मीटरभर उंच अशी इंजिनरूम म्हणजे दहा घनमीटर जागा. त्यातले 2 टक्के म्हणजे 200 लिटर गॅस, वजनात अर्ध्या किलोच्याही आत. शेगडीचा एक मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस सोडतो. तेव्हा न पेटलेला बर्नर तीन तास उघडा राहिला तर सगळी इंजिनरूम तयार होते. शिवाय हा हिशेब गॅस सगळीकडे सारखा पसरला असं धरून आहे. प्रत्यक्षात तो तळाशी साचतो, त्यामुळे तळाचा थर कितीतरी आधी तयार झालेला असतो.

बर्नर न पेटता उघडा कसा राहतो? बोट डोलते, पातेल्यातला भात उतू जातो, पाण्याने ज्योत विझते. त्याच वेळी जाळं ओढायची हाक येते आणि जेवण करणारा खलाशी हात पुसत डेकवर धावतो. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही, बोटीवरचं काम असंच चालतं. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्या मिळतात. त्यांच्या बर्नरजवळ बोटाच्या पेराएवढा धातूचा खुंट असतो. तो गार पडला की आतला व्हॉल्व्ह मिटतो. आपल्याकडच्या साध्या घरगुती शेगडीत बहुधा तो नसतो. नवी शेगडी घेणार असाल तर दोनाऐवजी एकच बर्नर घ्या, पण हा खुंट असलेला घ्या. पातेलं घसरू नये म्हणून शेगडीभोवती लोखंडी गजांचं कडंही वेल्डरकडून करून घ्या. काम किरकोळ आहे, उपयोग मोठा.

मग पहाटे इंजिन सुरू करायला बटण दाबतात. स्टार्टरची मोटर ठिणगी टाकते, बॅटरीची सैल क्लिप टाकते, बल्बचं बटणही टाकतं. तळात पाणी वाढलं की आपोआप सुरू होणारा पंप असेल तर बटण दाबायला माणूसही लागत नाही. सगळे झोपलेले असताना तो स्वतःच सुरू होतो.

‘वास येईल की!’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास येतो खरा, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. गॅसला स्वतःला वास नसतो, त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मिसळतात, आणि पेट घेण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्शालाच ते नाकाला कळावं अशी योजना असते. पण गॅस साचतो पायाखाली आणि नाक असतं पाच फुटांवर. त्यात डिझेल, मासळी आणि तळातलं कुबट पाणी यांच्या घमघमाटात चार दिवस काढलेलं नाक एकाच वासाला लवकर सरावतं. नाकावर भिस्त ठेवू नका.

सहलीच्या शिडाच्या नौकांवर या सगळ्याचा विचार फार पूर्वीच झाला आहे. त्यांच्या गॅसजोडणीसाठी आयएसओ 10239 नावाचं वेगळं मानकच आहे. तिथे सिलिंडर केबिनमध्ये नसतो. त्याला डेकवर स्वतःची पेटी असते, वरून उघडणारी आणि नौकेच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद. पेटीच्या तळाला भोक असतं आणि त्यातून निघालेली नळी नौकेबाहेर, पाण्याच्या रेषेच्या वर उघडते. सिलिंडर गळला तर गॅस समुद्रात सांडतो. आपल्या ट्रॉलरवर हे करायला परदेशी सामान लागत नाही. केबिनच्या मागे, बाहेर, फायबरची किंवा जाड प्लायची पेटी बसवा. सिलिंडर त्यात उभाच ठेवा आणि पट्ट्याने आवळा. आडवा पडला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा अडीचशे लिटरच्या आसपास गॅस होतो. केबिनच्या भिंतीतून रबरी नळी आरपार नेऊ नका. इंजिनाच्या थरथरीने प्लायची कड तिला करवतीसारखी कापते. भिंतीतून तांब्याची नळी न्या, भोवतीची फट बुजवून टाका, आणि दोन्ही टोकांना डोळ्यांसमोर राहील एवढीच रबरी नळी ठेवा.

ती रबरी नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली, आयएस 9573 छापलेली घ्या. जमिनीवर तिला पाच वर्षांचं आयुष्य सांगतात. खाऱ्या हवेत मी तेवढा भरवसा धरणार नाही. दर मोसमाला बदला, एका फेरीच्या बर्फापुढे तिची किंमत काहीच नाही. दोन महिने ताडपत्रीखाली शाकारलेल्या बोटीत उंदीर वस्तीला असतात आणि त्यांना रबर आवडतं, हेही विसरू नका. रेग्युलेटर हातात घेऊन खाली वळवून बघा. स्प्रिंग गंजली असेल, बटण अडखळत असेल, तर तो बदला. सिलिंडर घेताना तोंडातलं रबरी वायसर जागेवर आहे ना ते पाहा.

मग गळती तपासा. वाटीभर गोड्या पाण्यात भांडी घासायचा साबण दाट कालवा. शेगडीची बटणं बंद, रेग्युलेटर चालू. ब्रशने हे पाणी सिलिंडरच्या तोंडाला, रेग्युलेटरच्या बुडाला, नळीच्या दोन्ही टोकांना, तांब्याच्या प्रत्येक सांध्याला आणि शेगडीच्या बटणांच्या मुळाशी लावा. घाई नको. मोठी गळती लगेच फसफसते, पण बारीक गळतीचा बुडबुडा मोहरीएवढा असतो आणि फुगायला मिनीटभर घेतो. बुडबुडा दिसला तर सांधा नुसता आवळून सोडू नका, दुरुस्त करून पुन्हा साबण लावा. शेवटी गोड्या पाण्याने धुऊन टाका, नाहीतर साबणच पितळ खातो. काडी ओढून गळती शोधणारे ‘अनुभवी’ लोक अजून बंदरात आहेत. त्यांना बोटीवर चढू देऊ नका. शिडाच्या नौकांवर सिलिंडरपाशी दाबाचा काटा असतो. गॅस एकदा सोडून सिलिंडर बंद करायचा आणि तीन मिनिटं काटा हलतो का ते पाहायचं. आपल्या घरगुती पद्धतीच्या जोडणीत तसा काटा नसतो, तेव्हा आपला काटा साबणाचाच. सिलिंडर बदलला की दर वेळी तो लावा.

गॅसचा अलार्म लावणार असाल तर त्याचा सेन्सर खाली, फळ्यांच्या जवळ हवा, मात्र तळातलं पाणी उसळून भिजणार नाही इतका वर. मुंबईत पाइपच्या गॅसचे अलार्म छताजवळ असतात, ते बघून बोटीतही वर लावणारे आहेत. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, सिलिंडरचा जड. एवढा फरक न कळता लावलेला अलार्म शोभेचा.

आणि वास आलाच तर? कुठलंच बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही. इंजिन बंद असेल तर ते सुरू करू नका. मोबाइल आणि बिडी खिशात राहू द्या. सिलिंडर बंद करा, सगळ्यांना डेकवर घ्या, फळ्या आणि झाकणं उघडा, हाताने चालणारा पंप असेल तर तळ उपसा. वास गेला असं वाटल्यावरही बराच वेळ थांबा. बंदरात असाल तर गॅसगळतीसाठी 1906 हा क्रमांक आहे, पण फोन धक्क्यावर जाऊन करा. समुद्रात संकट हाताबाहेर गेलं तर तटरक्षक दलाचा 1554 आणि व्हीएचएफचं 16 नंबरचं चॅनेल.

आता थोडं अवघड बोलणं. लाल घरगुती सिलिंडर बोटीवर नेणं नियमात बसत नाही, तो घरच्या स्वयंपाकापुरता असतो. तरी तो बोटीवर जातो, कारण तो स्वस्त पडतो. आणि चोरून नेलेला म्हणून तो केबिनच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली लपवला जातो. नेमक्या नको त्या जागी. व्यावसायिक 19 किलोचा किंवा सुटा मिळणारा 5 किलोचा सिलिंडर घेतला तर तो उघड्यावर पेटीत ठेवता येतो. हे एकेकट्या नाखव्याने करण्यापेक्षा मच्छिमार सहकारी संस्थेने करावं. डिझेलचा कोटा संस्था बघते, परताव्याचे कागद संस्था करते. मग गॅस एजन्सीशी बोलून सिलिंडरची सोय लावणं आणि बंदी उठायच्या आधी एक दिवस मेकॅनिक बोलावून धक्क्यावरच्या प्रत्येक बोटीला साबण लावून घेणं तिला जड नाही. या आठवड्यात संस्थेत जाऊन तेवढी मागणी लेखी द्या. त्याच कागदावर आपल्या बोटीचं नाव लिहा, आणि रात्री झोपण्याआधी सिलिंडर बंद आहे का ते पाहणाऱ्या खलाशाचंही लिहा.